माथेरानचे भाई कोतवाल

शनिवारी सकाळी आमच्या किन्हवलीच्या रस्त्यावर घटकाभर उभे राहिले, म्हणजे नाशिकचा हमरस्ता सोडून आत वळलेल्या मोटारगाड्यांची रांग दृष्टीस पडते. मंडळी मुंबईची किंवा ठाण्याची असतात. कोणी माळशेज घाटातील धबधबे पाहावयास निघालेला असतो. कोणी आजोबा पर्वताच्या पायथ्याशी तंबूत एक रात्र काढणार असतो. कोणी एखाद्या शेतघरात दोन दिवस मौन, योगासने व साधा आहार यांच्या योगाने बिघडलेली प्रकृती सुधारावी, या हेतूने आलेला असतो. शहराच्या धकाधकीस विटलेल्या मनुष्यास रानाची ओढ लागावी, हे स्वाभाविकच होय. त्याबद्दल आम्ही कोणास दोष देत नाही. आम्हांस स्वतःलाही दोन दिवस शहरात काढले की इकडची हवा आठवू लागते.

तथापि ज्या रानात लोक विसाव्यासाठी जातात, तेथे राहणाऱ्यांचे जिणे कसे असते, हा प्रश्न पाहुण्यांच्या मनात क्वचितच येतो. ज्या पुरुषाचे चरित्र आज आम्ही विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहो, तो मुंबईकरांच्या अशाच एका हवा खाण्याच्या गावी जन्मला. त्याने शहरात विद्या संपादन केली, शहरातील मिळकतीचा मार्ग सोडून तो आपल्या डोंगरास परत आला, आणि अखेर आपल्या शेजारच्या मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या रानात त्याने देह ठेवला. त्याचे नाव विठ्ठल लक्ष्मण कोतवाल. लोक त्यांना भाई कोतवाल म्हणून ओळखतात.

प्रथम त्या गावाविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. कर्जत तालुक्यात, सुमारे २,६०० फूट उंचीच्या डोंगरावर माथेरान वसले आहे. माथ्यावरचे रान ते माथेरान, अशी नावाची उपपत्ती सांगतात. ठाकूर, धनगर व कातकरी यांना ते रान पूर्वापार ठाऊक होते. परंतु जगाच्या दृष्टीने ते १८५० साली सापडले. त्या वर्षीच्या मे महिन्यात ठाण्याचे कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट यांचा मुक्काम पायथ्याच्या चौक गावी होता. उन्हाने हैराण झालेले हे गृहस्थ संध्याकाळी सहज डोंगर चढून गेले, आणि वरची हवा व झाडी पाहून इतके संतुष्ट झाले की, त्याच वर्षी हिवाळ्यात पुन्हा येऊन त्यांनी तेथे घराचा पाया घातला. मागोमाग इतर अधिकारी आले. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी वर बंगला बांधविला, तेव्हा तर त्या स्थानास प्रतिष्ठाच मिळाली. पुढे मुंबईच्या पारशी, बोहरी व गुजराती धनिकांचे बंगले जांभूळ, हिरडा व अंजनी यांच्या दाट छायेत उभे राहिले. १९०७ साली आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने स्वतःच्या पैशाने नेरळपासून दोन फूट रुंदीची चिमुकली आगगाडी वर नेली, आणि घोड्यावर किंवा पालखीत बसण्याचे कष्टही संपले.

पण बंगला झाला म्हणजे त्यास पाणी भरणारा हवा, सामान वाहणारा हवा, घोडा धरणारा हवा, धोबी हवा, न्हावी हवा. अशा रीतीने एकाच डोंगरावर दोन गावे झाली. एक गाव ऑक्टोबरात येई व पावसाच्या तोंडावर मुंबईस परत जाई. दुसरे गाव बारा महिने तेथेच राही. माथेरानास वर्षाकाठी दोनशे इंचांवर पाऊस पडतो. त्या चार महिन्यांत बंगल्यांस कुलपे लागत, आगगाडी बंद होई, आणि हंगामात मिळविलेल्या चार पैशांवर गरिबांना उन्हाळ्याची वाट पाहावी लागे. पाहुण्यांच्या आठवणीतले माथेरान म्हणजे लाल माती, माकडे आणि सूर्यास्त. गळत्या छपराखाली पुढच्या हंगामाची वाट पाहणारे माथेरान त्यांना कधी दिसलेच नाही.

या दुसऱ्या गावात, एका गरीब नाभिक कुटुंबात, १ डिसेंबर १९१२ रोजी विठ्ठलाचा जन्म झाला. त्या काळी नाभिकाच्या मुलाने धोकटी उचलावी व वडिलांच्या मागे बंगल्याबंगल्यांतून फिरावे, हाच क्रम ठरलेला असे. मुलगा हुशार आहे, हे घरच्यांनी ओळखले. पण माथेरानास प्राथमिक शिक्षणापलीकडे सोय नव्हती. म्हणून त्याला पुण्यास आप्तांच्या घरी धाडण्यात आले. आमच्या शाळेतही दूरच्या पाड्यांवरून येऊन नातलगांकडे राहणारी मुले आहेत. परक्या घरी राहून अभ्यास करणे म्हणजे काय, हे त्यांना आम्ही सांगावयास नको. घरात पडेल ते काम करावे, मिळेल तेथे बसून वाचावे, आणि आपल्यावर होणारा खर्च मनात सतत मोजावा, असेच ते जिणे असते. विठ्ठलाने पुण्यात उत्तम अभ्यास केला, महाविद्यालयात प्रवेश मिळविला, आणि पुढे वकिलीची परीक्षाही उत्तीर्ण केली. १९३५ साली त्यांचा इंदूताईंशी विवाह झाला.

नाभिकाचा मुलगा वकील झाला, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती. पुण्यात किंवा मुंबईत पाटी लावून बसले असते, तर भाईंना कसलीच उणीव पडती ना. माथेरानास ते पुढे उन्हाळ्यात हवा खाण्यासाठी आले असते, आणि ज्या बंगल्यांत वडील धोकटी घेऊन मागील दाराने जात, त्यांतल्या एखाद्यात समोरच्या दाराने शिरले असते. शिकून मोठे होणे याचा अर्थ पुष्कळांच्या मते एवढाच असतो. मुलांना असेच मोठे व्हा म्हणून आम्ही शिक्षकही नकळत शिकवीत असतो, हे येथे कबूल केले पाहिजे.

भाईंनी तसे केले नाही. ते माथेरानास परत आले आणि तेथील नगरपालिकेच्या निवडणुकीस उभे राहिले. त्या काळी मताचा अधिकार मालमत्ता व कर यांवर अवलंबून असल्यामुळे गावाचा कारभार प्रायः बंगलेवाल्यांच्या सोयीने चाले. अशा सभागृहात बारमाही रहिवाशांच्या वतीने बोलणारा मनुष्य निवडून आला, एवढेच नव्हे तर पुढे तो उपाध्यक्षही झाला.

डोंगरावर ते थांबले असते तरी त्यांचे नाव राहिले असते. परंतु त्यांचे लक्ष डोंगराच्या पायथ्याकडे गेले. कर्जत व मुरबाडच्या भागात ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, आगरी व कुणबी शेतकरी सावकारांच्या हाती सापडले होते. पावसाळ्यात घरातले धान्य संपले की सावकाराकडून खावटी आणावी, आणि सुगीला ती दीडपटीने फेडावी. फेडून उरलेले शिमग्यापर्यंत पुरत नसे, म्हणून पुन्हा खावटी. या चक्रातून मनुष्य जन्मभर सुटत नसे, कारण सावकाराच्या वहीत काय लिहिले आहे हे त्याला वाचता येत नसे. भाईंनी दुखण्याचे मूळ ओळखले. गावोगावच्या शिकलेल्या तरुणांना हाताशी धरून त्यांनी चाळीसच्या वर शाळा चालू केल्या. त्या शाळांना इमारती नव्हत्या. कोठे देवळाचा मंडप, कोठे कोणाची ओटी, कोठे आंब्याची सावली. वेतनावाचून शिकविणारे ते शिक्षक कोण होते, त्यांची नावेही आज पुष्कळशी विस्मृतीत गेली आहेत. आम्हांस, शिक्षक म्हणून, भाईंच्या चरित्रातील हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. परंतु त्यांच्यावरील भाषणांत त्याचा उल्लेख एका वाक्यात आटोपतात.

शाळांबरोबर धान्याची पेढी आली. दुसरे महायुद्ध चालू होते. १९४२ साली जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तिकडून येणारा तांदूळ बंद झाला. भाव कडाडले, ज्यांच्याजवळ साठा होता त्यांनी तो दडविला. अशा वेळी शेतकऱ्यांनी आपसांत धान्य जमवून अडलेल्यास ते माफक वाढीने द्यावे, अशी ही योजना होती. खावटीवर ज्यांची घरे चालत, त्यांना ती रुचली नसणार, हे उघडच आहे. भाईंना शत्रू मिळाले ते येथे. गोऱ्या सरकारचा त्यांच्याशी अद्याप काही संबंध आला नव्हता.

तो संबंध लवकरच आला. ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर काँग्रेसने इंग्रजांनी देश सोडून जावे असा ठराव केला, आणि दुसऱ्या दिवशी पहाटेपासून पुढाऱ्यांची धरपकड सुरू झाली. मार्गदर्शन करावयास बाहेर कोणी उरले नाही. ज्याने त्याने आपल्या बुद्धीप्रमाणे वागावे, अशी स्थिती झाली. त्या वेळी भाई तीस वर्षांचेही नव्हते. घरी पत्नी व दोन लहान मुले होती; वकिलीचा मार्ग नुकताच मोकळा झाला होता. सत्याग्रह करून तुरुंगात जाण्याचा सरळ मार्ग होता. त्यात मानही होता व जिवास धोका कमी. भाईंनी भूमिगत होण्याचे ठरविले, आणि डोंगराखालच्या खेड्यांतील तरुणांना जमवून आझाद दस्ता उभा केला. त्या तरुणांत मानिवलीचे हिराजी पाटील हे प्रमुख होते.

या दस्त्याने जे काम अंगावर घेतले, ते समजण्यासाठी आपल्या सह्याद्रीचा एक उपयोग लक्षात घेतला पाहिजे. घाटमाथ्यावर पडणारा पाऊस लोणावळ्याच्या बाजूस तलावांत साठवून, तो मोठ्या नळांनी घाटाखाली सोडावा व त्याच्या जोराने वीज उत्पन्न करावी, ही योजना टाटांनी अंमलात आणिली. खोपोलीचे वीजगृह १९१५ साली सुरू झाले, भिवपुरीचे १९२२ साली. तेथील वीज उंच लोखंडी मनोऱ्यांवरील तारांतून मुंबईस जाई आणि गिरण्यांची चाके फिरवी. कर्जतच्या ठाकूरवाड्यांवरून या तारा जात. खाली झोपडीत मात्र चिमणी मिणमिणत असे. युद्धकाळात मुंबईच्या कारखान्यांतून सैन्यासाठी माल निघत होता. हा पुरवठा खंडित केला तर सरकारची गती कुंठित होईल, असे भाईंनी हेरले. रात्री रानातून जावे, मनोऱ्याचे पाय कापावे, आणि उजाडण्यापूर्वी दहा-बारा कोस दूर निघून जावे, असा क्रम सुरू झाला. १९४२ च्या अखेरच्या महिन्यांत असे अकरा मनोरे त्यांनी पाडले, असे सांगतात. मुंबईतील कारखान्यांचे काम ठिकठिकाणी बंद पडले. माथेरानच्या हवेत मुंबई शीण घालवीत असे. तिची वीज तोडणारा आता त्याच माथेरानचा निघाला होता.

या कृत्यांविषयी आमचे मत आम्ही लपवीत नाही. मनुष्याने मनुष्यावर किंवा त्याच्या श्रमाने उभारलेल्या वस्तूवर प्रहार करावा, हे आमच्या मनास रुचत नाही. गांधीजींच्या अनुयायांतही या मार्गाविषयी त्या वेळी मोठा मतभेद होता. गिरणी बंद पडली म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडते ती मजुराची, हेही खरे. तथापि वर्गात बसून चाळीस कोटींच्या पारतंत्र्याचा हिशेब मांडणे सोपे आहे. ज्याने शाळा काढल्या, धान्य वाटले, निवडणूक लढविली, आणि हे सर्व करूनही ज्याला शेवटी रात्रीच्या अंधारात मनोऱ्याखाली उभे राहावे लागले, त्याच्या मनात कोणते विचार आले असतील, याचा निवाडा देण्यास आम्ही स्वतःला पात्र समजत नाही. विद्यार्थ्यांनी घरी पालकांशी या विषयी अवश्य बोलावे.

सरकारने भाईंना पकडून देणाऱ्यास अडीच हजार रुपयांचे बक्षीस लाविले. गड्याला दिवसाकाठी काही आणेच मजुरी मिळत असे, अशा काळातील ही रक्कम आहे! तरीही कित्येक आठवडे कोणी तोंड उघडले नाही. वाडीवाडीवरून भाकरी जाई, निरोप येई, वाट दाखविणारा ठाकराचा पोरगा पुढे चाले. ज्या पाड्यांवर भाईंनी पाटीवर मुळाक्षरे गिरवावयास लाविली होती, तेच पाडे त्यांना आता सांभाळीत होते.

दिवस कठीण होऊ लागले, तेव्हा दस्ता सिद्धगडाच्या आश्रयास गेला. मुरबाडहून म्हसे व नारिवली यांवरून या गडाकडे जातात. सुमारे तीन हजार फूट उंचीचा तो गड सह्याद्रीच्या मुख्य भिंतीपासून एका खिंडीने किंचित सुटलेला दिसतो. त्याच्या माचीवर पूर्वीपासून लहानशी वाडी आहे, आणि खाली ओढ्याच्या काठाने रान इतके दाट की, भर दुपारीही तेथे सावली असते. पलीकडे भीमाशंकरचे अरण्य. १९८५ साली हा सर्व भाग अभयारण्यात घेतला गेला. शेकरू नावाची मोठी तांबूस खार तेथे झाडावरून झाडावर उड्या घेताना दिसते. आज अशी जागा मिळावी म्हणून लोक पैसे मोजतात. १९४२ च्या डिसेंबरात तेथे राहणाऱ्यांना मात्र थंडीत धड शेकोटी पेटविता येत नव्हती. धूर दिसला की संपले. पाखरांचा आवाज एकाएकी थांबला, तर कोणी येत आहे असे समजावे लागे. रान तेच, ऐकणाऱ्याचे कान निराळे.

अखेर फितुरी झाली. कोणी केली, काय मिळविले, याच्या निरनिराळ्या कथा या भागात आहेत. त्यांत आम्ही शिरत नाही. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे हॉल नावाच्या पोलीस अधिकाऱ्याच्या हाताखालील सशस्त्र तुकडीने सिद्धगडाच्या रानातील तो मुक्काम घेरला. गोळीबार सुरू झाला. हिराजी पाटील कोसळले. भाईही जखमी होऊन पडले. त्यांना त्या स्थितीत हॉलनेच जवळून गोळी घातली, असे आजवर सांगितले जाते. भाईंचे वय तेव्हा तीस वर्षे एक महिना होते. इंदूताई या वयात विधवा झाल्या, आणि दोन मुलांनी वडिलांना पुन्हा पाहिले नाही. देशभक्तांच्या चरित्रांत या गोष्टी ओझरत्या सांगण्याची रीत आहे. परंतु त्या घरात २ जानेवारीनंतरही रोज सकाळ होत होती, हे विसरू नये.

यानंतर साडेचार वर्षांनी देश स्वतंत्र झाला. सावकारी चक्र पुढे कायद्यांनी ढिले पडले, गावोगाव शाळा आल्या. माथेरानात भाईंचे स्मारक आहे. २००३ साली केंद्र सरकारने माथेरान व भोवतालचा भाग पर्यावरणाच्या दृष्टीने जपण्याचा प्रदेश म्हणून जाहीर केला. मोटारींना तेथे पूर्वीपासूनच मज्जाव होता, त्यास त्यामुळे बळकटी आली. ती शांतता पाहुण्यांना फार आवडते. पण मोटार नाही म्हणून पाहुण्यास ओढून नेणारी हातरिक्षा मात्र राहिली, आणि घामाने निथळत चढ चढणारा, माणसाला ओढणारा माणूसही राहिला. ती अमानुष पद्धत बंद करावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला तो २०२५ साली. भाईंच्या जन्मास तेव्हा एकशे बारा वर्षे होऊन गेली होती.

आमच्या शहापूर तालुक्याचीही कथा फारशी वेगळी नाही. १८९२ पासून तानसेचे पाणी मुंबईस जात आहे. पुढे वैतरणा आली, भातसा आली. धरणांच्या काठी पाहुण्यांसाठी तंबू लागतात, आणि त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांवरच्या बायका चैत्र-वैशाखात हंडे घेऊन पाण्याच्या टँकरची वाट पाहतात. आमच्या वर्गातील काही मुली त्या दिवसांत उशिरा येतात, त्याचे कारण आम्ही आता विचारीत नाही.

मुंबईत दादरला, प्लाझा चित्रपटगृहासमोर एक बाग आहे. चोहीकडून गाड्यांचा गलबला, आणि मध्ये थोडी झाडे व बाके. ज्यांना सुटीत माथेरान किंवा माळशेज गाठणे परवडत नाही, असे वृद्ध, फेरीवाले, कामावरून परतणारे लोक तेथे घटकाभर टेकतात. त्या बागेचे नाव वीर कोतवाल उद्यान. मागे कामानिमित्त आम्ही दादरला गेलो असता त्या बाकावर बसलो होतो. शेजारच्या गृहस्थांना आम्ही सहज विचारले, हे कोतवाल कोण? पूर्वी इथले कोणी कोतवाल असतील, असे त्यांनी सांगितले. आम्ही त्यांना माथेरानपासून सिद्धगडापर्यंतची सगळी हकीकत सांगू लागलो. ते लक्ष देऊन ऐकत होते, पण मध्येच त्यांची बस आली.

सिद्धगडच्या स्मारकापाशी दरवर्षी २ जानेवारीस लोक जमतात. सुमारे त्याच दिवसांत, पौषी पौर्णिमेला, म्हशाची जत्रा भरते. बैल व घोंगड्या यांच्या खरेदीसाठी आपल्याकडील पुष्कळ पालक तिकडे जातातच. तेथून सिद्धगडचा पायथा फार दूर नाही. मुलांना बरोबर घेऊन जावे. वाट ओढ्याच्या काठाने आहे आणि सकाळी दंव असते, म्हणून पायांत धड काहीतरी असू द्यावे.